तेलकट यीस्टचं मोजमाप

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन आलं की आधी मॉइश्चर बघतात, कारण ओल्या मालाचं वजन फसवं. यीस्टमधलं तेल मोजणाराही पेशी आधी वाळवतो. कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त चरबी निघाली, तरच ते यीस्ट तेलकट गणलं जातं. म्हणजे प्रमाणात पाहिलं तर सोयाबीनच्या दाण्याएवढं तेल एका सूक्ष्म पेशीत!

या मोजमापातलं जुनं उपकरण मात्र दुधासाठी जन्मलं. दुधातली चरबी मोजायला फ्रान्झ सॉक्सलेट यांनी ते 1879 साली मांडलं. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंडावते, नमुन्यावर थेंब थेंब पडते. नमुन्याची नळी काठोकाठ भरली की चरबीसकट सगळा द्रावक एकदम खाली उतरतो. हा फेरा तासन्‌तास चालतो. तेलबियांच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरात आहे.

यीस्टकडे तेलासाठी पाहणंही नवं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा पॉल लिंडनर यांनी यीस्टपासून ती मिळवण्याचा प्रयत्न केला.

यीस्टच्या बाबतीत खरी मेख वाढ मोजण्यात आहे. द्रावण किती गढूळ झालं, हे 600 नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहून यीस्ट किती वाढलं ते ठरवतात. पण खाद्यातला नायट्रोजन संपला की पेशींचं विभाजन मंदावतं आणि उरलेल्या साखरेची चरबी साठू लागते. वाढीचा आलेख सपाट होतो, तेव्हाच तेलाचा हंगाम सुरू होतो. म्हणून दोन्ही मापं वेगवेगळी घ्यावीच लागतात. नाईल रेड या रंगद्रव्याने चरबीचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी-पिवळे चमकतात, हे 1985 साली दाखवलं गेलं. त्यामुळे पेशी न फोडताही तेलाचा अंदाज येऊ लागला.

महाराष्ट्राचं स्वतःचं तेलकट यीस्ट मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्रात सापडलं: यारोविया लिपोलिटिका, संग्रहातला क्रमांक एनसीआयएम 3589. स्मिता झिंजर्डे आणि अदिती पंत यांनी ते कच्चं खनिज तेल कसं खातं, यावर 2000 साली शोधनिबंध लिहिला. या पंत म्हणजे 1983 च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या समुद्रशास्त्रज्ञ. त्यांचं हे कामही तितकंच ठाऊक असायला हवं. 2012 साली पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी याच यीस्टचं तेल बायोडिझेलसाठी तपासलं. त्यात खाद्य म्हणून तळणीचं वापरलेलं तेलही होतं. अशा वेळी पेशी नीट धुवाव्या लागतात, नाहीतर बाहेर चिकटलेलं तेलही यीस्टच्या खात्यात जमा होतं.