स्नायपर: आधी नजर, मग नेम

दलदलीत दबून बसणारा आणि उठताच वेडीवाकडी झेप घेणारा स्नाइप, म्हणजे पाणलावा, टिपणे महाकठीण. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी या शिकारीला ‘स्नायपिंग’ म्हणत. पुढे दडून केलेल्या गोळीबारालाच ते नाव पडले. मग स्नायपर म्हणजे निव्वळ नेमबाज, असे कुणी म्हणेल. पण बोअर युद्धात, १९०० साली लॉर्ड लोव्हॅटने उभारलेल्या ‘लोव्हॅट स्काउट्स’मध्ये स्कॉटिश डोंगरांतले शिकाररक्षक घेतले, ते हरणांचा माग काढण्यात मुरलेले म्हणून. झुडपात मिसळणारा ‘गिली’ पोशाखही त्यांचाच. पहिल्या महायुद्धात दुर्बीण लावून शत्रूच्या हालचाली टिपणे हे त्यांचे मोठे काम होते, गोळी नंतरची. म्हणून छतावरून अंदाधुंद गोळ्या झाडणाऱ्याला बातम्यांत ‘स्नायपर’ म्हणणे चूकच. त्याला बंदूकधारी म्हणावे.