नाद उरला, हात गेला

पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीने चिजा राखल्या. मींडेचीही खूण केली, परंतु तिचा सूक्ष्म प्रवास गुरुमुखीच राहिला. विजेच्या वाद्यांपुढेही हाच प्रश्न आला. १९६९ साली अहमदाबादेच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग यंत्र उभे राहिले. त्यात विजेचा दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढे. अर्थात दाबाचा चढउतार हीच वादकाची करामत. फितींवर मात्र नादच उरला. त्याच सुमारास अमेरिकेत मॅक्स मॅथ्यूज यांनी 'ग्रूव्ह' योजनेत वादकाच्या हालचाली संगणकात साठविल्या व दाबरूपाने पुन्हा वाद्याकडे पाठविल्या. चुकलेली तेवढीच हालचाल सुधारता येऊ लागली. संग्राहकांनी फळाबरोबर कृतीही जपावी, असे आम्हांस वाटते.