भिलाईच्या पाट्यावरचा रस्सा

दूध, दही वा साय यांचा थेंबही न घालता रश्शाला दाटपणा आणि मऊपणा आणणे, ही मराठी पाकपरंपरेतील एक उपेक्षित सिद्धी होय. कोकणाने ती नारळाच्या दुधातून साधली, घाटमाथ्याने तीळ-शेंगदाण्याच्या कुटातून, आणि नागपूर-वऱ्हाडाने खसखस व सुके खोबरे यांच्या वाटणातून. यांपैकी भुईमूग अमेरिकेतून आलेला, तीळ इथलाच. ‘खसखस’ हा शब्द फारसीतून आला. अफूच्या बोंडाला चिरा देऊन चीक काढून घेतल्यावर जे बी उरते ते हेच. माळव्यातील अफूच्या शेतीचे ते जोडउत्पन्न.

हे वाटण पूर्वेकडे छत्तीसगडात कोणत्या वाटेने गेले असावे, हे इतिहासावरून सहज उमगते. भास्करपंत कोल्हटकरांची रतनपूरवरील स्वारी १७४१ ची. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरातच राहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी १८६१ पासून १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने दुर्गचा परिसर नागपूरशी लोहमार्गाने बांधला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भिलाईतल्या मराठी कुटुंबांना हा मुलूख सर्वस्वी परका नव्हता, तो यामुळे.

वैदर्भीय घरांतला पाटोडी रस्सा हे या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण. श्रावणात, किंवा शाकाहारी पाहुणा आल्यास, मटणाच्या रश्शाचा मान त्याला मिळे. कांदा आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर काळसर भाजायची, भिजवलेली खसखस पाट्यावर गंधासारखी वाटायची, मग सारे तेलात परतायचे. घाई इथेच नडते. कडेने तेल सुटेपर्यंत परतले नाही, तर रस्सा कच्चट लागतो. आणि पाणी आधणाचेच हवे, गार पाण्याने तर्री बसते. बेसनाच्या वड्या वाढायच्या वेळी सोडायच्या, नाहीतर त्या रस्सा पिऊन टाकतात. या दाटपणाचे मर्म दगडात आहे. वरवंटा बी चिरडतो, त्यातले तेल बाहेर येऊन पाण्याशी एकजीव होते. मिक्सरचे पाते बी कापते. भिजवण कमी पडली तर खसखस दाताखाली येते. अर्थात पाट्याची थोरवी गाताना त्यापुढे वाकलेली पाठ कोणाची होती, हे विसरता येत नाही. स्मरणरंजन करणारे सहसा ते विसरतात.

कारखान्याच्या वसाहतीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. केरळचा नारळाच्या दुधातला इश्टू, आंध्रची तीळ-शेंगदाण्यात घोळलेली भरली वांगी, बंगालचे पोस्तो: तत्त्व एकच, साधने प्रांतोप्रांतीची. हे सारे एकाच गावाच्या सेक्टरांत नांदू लागले. त्यांना मागे सारले ते एकमेकांनी नव्हे. काजूची पेस्ट, लोणी आणि साय घातलेल्या, पंजाबी म्हणवणाऱ्या हॉटेली रश्शाने ‘श्रीमंत चव’ या शब्दांचा अर्थच बदलून टाकला. काजू तरी कुठला इथला! तोही ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आणलेला.

मराठी छापील पाकग्रंथांची मुख्य धारा मुंबई-पुण्याकडची आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. बृहन्महाराष्ट्रातील घरांचे लेखन त्यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. ते काम त्या घरांचेच होते. तेथील स्त्रियांनी मात्र खसखशीचे प्रमाण मुठीने मोजले आणि सुनेला तोंडी सांगितले. सेक्टरांतली ती पहिली पिढी निवृत्त होऊनही आता दशके लोटली आहेत.