काळ्या दगडाने सोडलेली हवा

नाशिकच्या जेहान सर्कलचा सिग्नल लाल आहे. संध्याकाळची गर्दी, पुढे टेम्पो, बाजूला दोन रिक्षा, आणि मधे तुमची गाडी. तोंडावरचा रुमाल जरा खाली करा आणि एक श्वास घ्या. त्यात 78 टक्के नायट्रोजन आहे, 21 टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याहून थोडा कमी आरगॉन. उरलेल्या चिमूटभरात कार्बन डायऑक्साइड, हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे सुमारे 425. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या. आता गाडी पश्चिमेला घ्या. आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर, जसजसे पुढे जाल तसतसा काळ मागे सरकेल.

आनंदवली सोडेपर्यंत 1965 साल आलं. दोन्ही बाजूंना शेतं, आणि पुढे मातीचं गंगापूर धरण नुकतंच पुरं झालंय. आकडा 320. सोमेश्वरापाशी पोचता तेव्हा दोन हजार वर्षं मागे गेलेले असता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्रिरश्मी डोंगरात कारागीर लेणी खोदताहेत. आकडा 280 च्या आसपास. गंगापूर गावाशी गोदावरीच्या काठी उतरा. इथल्याच वाळूगोट्यांच्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. त्या घडवणारी माणसं आता तुमच्या समोर बसली आहेत, दगडावर दगड आपटताहेत. त्यांची हवा कशी होती? अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांत गेल्या आठ लाख वर्षांची हवा जपलेली आहे. हिमयुगं आली, गेली, आणि आकडा सगळा वेळ साधारण 180 ते 300 यांच्या दरम्यानच राहिला.

आता पात्रातल्या काळ्या कातळावर पाय रोवून उभे राहा. इथून पुढे गावही नाही, नदीही नाही.

सहा कोटी साठ लाख वर्षं मागे. भारत अजून आशियाला भिडलेला नाही, तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून लाव्हा वाहतोय. डोंगर फुटल्याचा एकच मोठा धमाका नाही. थर पसरतो, निवतो, कधी हजारो वर्षं सगळं शांत, मग वर दुसरा थर. हे सुमारे दहा लाख वर्षं चाललं. सह्याद्रीत काही ठिकाणी या थरांची जाडी दोन किलोमीटरहून जास्त आहे.

वारा येतो त्या बाजूला उभे राहा, कारण हवेत सल्फर डायऑक्साइड आहे. पेटत्या आगकाडीसारखा वास येतो, डोळे चुरचुरतात, घशातल्या ओलाव्याशी त्याचं आम्ल होतं. वर गेलेल्या गंधकाचे बारीक थेंब सूर्य झाकोळतात, थोडा काळ गारवा येतो, पाऊस आंबट पडतो, आणि काही वर्षांत गंधक धुऊन निघतं. त्याच्याबरोबर बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडला मात्र ना रंग, ना वास. तो इतक्या लवकर धुतला जात नाही. तो साठत गेला आणि पृथ्वी काही अंशांनी तापली.

पायाखाली वाकून बघा. निवत आलेल्या लाव्हाच्या वरच्या थरात हरभऱ्याएवढी भोकं आहेत. निसटू न शकलेल्या वायूच्या या जागा. पुढे पाणी झिरपून त्यांत पांढरे स्फटिक भरतील, जिओलाइट आणि कॅल्साइट. नाशिकच्या खाणींतले हे स्फटिक जगभरचे संग्राहक आज जपून ठेवतात. दोन थरांच्या मधे वीतभर लाल मातीही दिसेल. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात हवेने आणि पावसाने दगड कुजवला, त्यातलं लोखंड गंजलं, त्याची ही लाली.

गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि तो काही पहिल्यापासून नव्हता. अडीचशे कोटी वर्षांमागे गेलात तर काही सेकंदांत शुद्ध हरपेल, कारण हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नाही. समुद्रातले सूक्ष्म जीव तो सोडताहेत, पण पाण्यात विरघळलेलं लोखंड बरंचसं गिळून तळाला बसतंय. गडचिरोलीतलं सुरजागडचं लोहखनिज अशाच जातीच्या खडकातलं. पुढे ऑक्सिजन उरायला लागला आणि हवेत आला. तिथे थांबू नका, परत फिरा.

परतीच्या वाटेवर पाऊस लागेल, त्यात भिजाच. थेंब हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतो, बेसाल्टमधलं, म्हणजे या काळ्या कातळातलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतो, आणि ते सगळं गंगा, म्हणजे आपली गोदावरी, बंगालच्या उपसागराला नेते. तिथे त्याचे शिंपले होतात, शिंपल्यांचा चुनखडक होतो. हवेतला कार्बन दगडात जातो. बेसाल्ट हे काम इतर बहुतेक दगडांपेक्षा झपाट्याने करतो, आणि भारत उत्तरेला सरकत उष्ण, दमट पट्ट्यात आल्यावर दख्खनच्या कातळाने ते नेटाने केलं. गोदाकाठची काळी माती ही त्याच झिजेची. ज्या दगडाने हवा तापवली त्यानेच ती निववायला हातभार लावला, हे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचं वाटतं.

पण त्याला लाखो वर्षं लागली. 1965 ते आज आकडा शंभराहून जास्त चढलाय, एका माणसाच्या आयुष्यात. आज पृथ्वीवरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या धुराच्या एक टक्काही भरत नाही. आपला धूर हा कातळ आवरेलही, पण त्याच्या वेळेने, आपल्या नाही. तेव्हा धूर कमी करायचं काम आपलंच आहे. सोमेश्वरला जाल तेव्हा पात्रात उतरून त्या दगडातली भोकं मुलांना दाखवा, आणि त्यांतून काय निघून गेलं तेही सांगा.