डॉक काउन्सिलमन आणि माझा रबरी पट्टा

मंडळी, पोहणाऱ्याने वजनं मारू नयेत, अंग आखडतं, असं तुम्हीही ऐकलं असेल. हा काही आपल्याकडच्या काका लोकांचा शोध नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतले बरेच कोचसुद्धा हेच सांगायचे. दंड फुगले की खांदे जाम, सरळ हिशोब!

हा समज मोडण्यात मोठा वाटा जेम्स काउन्सिलमन यांचा. सगळे त्यांना 'डॉक' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचे पायलट, मग पीएचडी, आणि १९५७ पासून १९९० पर्यंत इंडियाना विद्यापीठात कोच. १९७२ ला म्युनिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ यांचाच चेला.

डॉकची गंमत अशी की ते नुसते "ताकद वाढवा" म्हणून थांबले नाहीत. पाण्याखाली कॅमेरा लावून हात नक्की कसा जातो ते त्यांनी बघितलं. आणि मग म्हणाले, पाण्यात हात ज्या दिशेने, ज्या वेगाने ओढता, जमिनीवरचा व्यायामही तसाच हवा. म्हणजे जड वजन सावकाश उचलून स्वतःवर खूश होणं पुरेसं नाही. (आमच्या जिममधली निम्मी जनता इथेच बाद.) १९६८ साली त्यांचं 'द सायन्स ऑफ स्विमिंग' आलं.

त्यांचं सगळंच टिकलं असं नाही हं. हात विमानाच्या पंखासारखा 'लिफ्ट' देतो, म्हणून इंग्रजी एससारखा वळवत ओढा, ही त्यांची थिअरी पुढच्या संशोधनात बरीच मागे पडली. आता भर असतो कोपर उंच ठेवून पाणी सरळ मागे ढकलण्यावर. व्यायामाचं तत्त्व मात्र टिकलं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: १९७९ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, हा माणूस स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेला. १३ तास ७ मिनिटं! तोवर इतक्या वयात कोणी ती पार केली नव्हती.

आता आमच्यासारख्या हौशी ट्रायथलॉनवाल्यांचं बघा. ऑलिम्पिक अंतरात दीड किलोमीटर पोहून वर ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर पळणं. पाय नंतर लागणारच आहेत, म्हणून पाण्यात किक बेताची, बोजा खांद्या-पाठीवर. आणि दिवसभर कीबोर्डवर वाकलेले आमचे खांदे म्हणजे... असो.

म्हणून आठवड्यातून दोनदा बाल्कनीच्या ग्रिलला रबरी पट्टा बांधतो. कंबरेत वाकून, कोपर उंच, पंधराचे तीन सेट. मग खांदा बाहेर फिरवण्याचे हलके व्यायाम (कंटाळवाणे आहेत, पण खांदा दुखायला लागला की पोहणंच बंद), पुल-अप जमतील तेवढे, प्लँक, आणि शेवटी आपले जोर. तलावात शंभर मीटरचे दहा, मध्ये वीस सेकंद विश्रांती. सातव्या-आठव्याला कोपर खाली पडायला लागतं. तिथे वेग कमी करतो, कोपर नाही.