चेक जिभेचा कानोसा

आपल्या रस्त्यांवरून श्कोडा नावाच्या मोटारी धावू लागल्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. औरंगाबादेजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली त्यांचा कारखाना सुरू झाला. बहुतेक लोक त्या गाडीला 'स्कोडा' म्हणतात. परंतु गाडीवरचे नाव जरा नीट पाहावे. पहिल्या रोमन 'एस' अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकली खूण आहे. ती शोभेची नव्हे. इथे 'स' म्हणू नका, 'श' म्हणा, असे ती सांगते. चेक भाषेत तिला 'हाचेक' म्हणतात. शब्दाचा अर्थ लहानसा हूक. या एवढ्याशा हुकाच्या मागे सहाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो राजेरजवाड्यांचा नसून बोलणाऱ्यांचा व त्यांचे बोलणे ऐकणाऱ्यांचा आहे. आम्ही काही भाषाशास्त्री नव्हे. कामगार चळवळीत तीस वर्षे बोलण्याचे आणि त्याहून अधिक ऐकण्याचे काम केले, एवढाच या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार.

चेक लोकांनी लिपी घेतली ती लॅटिनची. पण लॅटिनच्या अक्षरांत त्यांच्या तोंडचे सगळे ध्वनी मावेनात. आपली अडचण आठवावी: 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च वेगळा, पण आपण दोन्हीकडे एकच अक्षर लिहितो, 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे कागदावर ओळखू येत नाही. जुने चेक लेखनिक अशा जागी दोन-दोन अक्षरे जोडून वेळ मारून नेत, आणि ज्याला जी जोडी सुचे ती तो लिही. १४१० च्या सुमारास लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ झाला. त्यात सुचवले होते की प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर असावे. मृदू ध्वनीसाठी अक्षरावर टिंब द्यावे आणि दीर्घ स्वरासाठी तिरपी रेघ. त्या टिंबाचाच पुढे हूक झाला. हा ग्रंथ यान हुस याच्या नावावर मोडतो. कर्ता तोच की दुसरा कोणी, यावर विद्वानांत वाद आहे. प्राग शहरातल्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात हुस १४०२ पासून चेक भाषेत प्रवचने करी. भाषा लोकांच्या कानाला कशी लागते हे रोज ऐकणाऱ्या माणसाच्या नावावर हा ग्रंथ मोडावा यात नवल नाही. धर्मसत्तेने ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्स येथे त्याला जिवंत जाळले.

हाच हुस मात्र एके ठिकाणी हरला. प्रागचे लोक चेक बोलण्यात जर्मन शब्द मिसळतात म्हणून तो रागावे, आणि त्याच्या रागावलेल्या शब्दांत एक 'क्नेदलीक' होता; उकडलेल्या कणकेच्या गोळ्याचे नाव. आज त्या पदार्थावाचून चेक माणसाचे जेवण होत नाही, आणि पदार्थाला सगळा देश क्नेदलीकच म्हणतो.

८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ श्वेतगिरीच्या लढाईत चेक सरदारांचा पाडाव झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांच्या २७ पुढाऱ्यांना शहराच्या चौकात देहान्त शासन झाले. कचेऱ्या, वरच्या शाळा आणि प्रतिष्ठितांची घरे हळूहळू जर्मन झाली. चेक उरली ती शेतावर, गोठ्यात, स्वयंपाकघरात आणि कारागिरांच्या आळीत. (या लोकांना जमीनदाराची जी वेठबिगार करावी लागे तिला 'रोबोता' म्हणत, १८४८ साली ती बंद झाली, आणि १९२० मध्ये चापेक बंधूंनी त्या शब्दावरून 'रोबोट' हा शब्द जगाला दिला. यंत्रमानवाच्या नावात वेठबिगार दडलेली आहे हे आम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुढे विद्वानांना भाषेची आठवण झाली तेव्हा त्यांनी काय केले? योसेफ दोब्रोव्स्की याने १८०९ साली चेक भाषेचे मोठे व्याकरण लिहिले, तेही जर्मनमध्ये. आणि नमुना म्हणून घेतली ती सोळाव्या शतकातील ग्रंथांची भाषा. मधल्या दोनशे वर्षांत ज्यांनी भाषा जिवंत ठेवली त्यांच्या तोंडी ती बदलली होती. खिडकीला ग्रंथात 'ओक्नो', लोकांच्या तोंडी 'वोक्नो'. चांगल्याला ग्रंथात 'दोब्री', लोकांत 'दोब्रेय'. लोकांचे रूप चूक ठरले. हा तिढा अजून पुरता सुटलेला नाही.

लिहिण्याची भाषा अशी मागे पाहत असता बोलण्याकडे पाहणारे दुसरे लोक निघाले, आणि गंमत अशी की ते वैद्यकातले होते. शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने १८३६ साली मानवी वाणीच्या शरीरव्यापारावर निबंध प्रसिद्ध केला, तो पोलिश भाषेत. जीभ कुठे लागते, वारा कुठे अडतो, हे विचार आपल्याकडे शिक्षाग्रंथांनी स्थान आणि प्रयत्न या नावांनी फार पूर्वी मांडले होते. युरोपात त्याला आता प्रयोगाची जोड मिळाली. पुर्किन्येचाच शिष्य, प्रागमध्ये जन्मलेला यान चेर्माक. लंडनमधील गायनशिक्षक गार्सिया याने १८५४ मध्ये दांतवैद्याचा आरसा घशात धरून सूर्यप्रकाशात स्वतःच्या स्वरतंतू पाहिल्या होत्या. चेर्माकने सूर्यावरची भिस्त सोडली. दिव्याचा उजेड अंतर्गोल आरशाने घशात सोडला, आणि युरोपभर फिरून स्वतःचा घसा लोकांना दाखवला. आवाज होतो म्हणजे काय होते, हे परक्या माणसाला दिसू लागले ते त्यामुळे.

आता चेक ध्वनींतल्या दोन नवलांविषयी. पहिले, त्यांच्या पुष्कळ शब्दांत स्वरच नाही. बोट म्हणजे 'प्र्स्त', लांडगा म्हणजे 'व्ल्क', आणि ब्र्नो हे शहर तर प्रसिद्ध आहे. इथे र आणि ल हेच स्वराचे काम करतात. संस्कृतातला 'वृक' आणि हा 'व्ल्क' एकाच घराण्यातले शब्द. आपण ऋ लिहितो खरा, पण म्हणतो 'रु'; तशा प्रकारचा खरा स्वर ऐकायचा तर ब्र्नोच्या बाजारात जावे. दुसरे नवल म्हणजे हूक दिलेला र. जीभ र साठी थरथरत असतानाच ज-झ सारखे घर्षण चालू ठेवायचे. आम्ही तो 'र्झ' असा लिहितो, पण तो दोन ध्वनींचा जोड नाही, एकच ध्वनी आहे. संगीतकार द्वोर्झाक याच्या नावात तो आहे. चेक मुलांना तो सगळ्यांत शेवटी येतो. तीनशे तेहतीस हा आकडा म्हणताना तो तीनदा येतो, म्हणून मुलांची जीभ वळवायला त्या आकड्याची वाक्ये घोकून घेतात. मोठेपणीही काहींच्या जिभेला साधा र सुद्धा वळत नाही. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष झालेले वात्स्लाव हावेल र घशातून काढीत, आणि त्यांचे भाषण ऐकायला म्हणून कोणी थांबले नाही असे झाले नाही.

त्याच ब्र्नो शहरात संगीतकार लेओश यानाचेक राही. १८९७ च्या सुमारापासून १९२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वही घेऊन हिंडला आणि माणसे बोलतात त्याची स्वरलिपी लिहीत गेला. भाजीवाली गिऱ्हाइकाला हाक मारते, मुले भांडतात, फलाटावर कोणी निरोप घेते, शब्दाखाली सूर. १९०३ साली त्याची वीस वर्षांची मुलगी ओल्गा वारली, तेव्हा तिचे अखेरचे बोलणेही त्याने असेच टिपले. वाचताना आम्हांला प्रथम ते क्रूर वाटले. मग वाटले, या माणसाला दुसऱ्या कोणत्या रीतीने तिला धरून ठेवता आले असते? १९२१ मध्ये रवींद्रनाथ टागोर प्रागला आले तेव्हा यानाचेक ऐकायला गेला आणि त्यांच्या बोलण्याचे सूर टिपून त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. पुढच्या वर्षी त्यांच्या एका कवितेवर समूहगान रचले.

यानाचेकचा कान संगीतकाराचा होता. शास्त्राला मोजमाप हवे होते, ते योसेफ ख्लुम्स्की याने आणले. हा १८७१ मध्ये जन्मला, पॅरिसला आबे रुस्लो यांच्या हाताखाली प्रयोगपद्धती शिकला, आणि प्रागच्या विद्यापीठात त्याने ध्वनिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. तिथले मुख्य यंत्र म्हणजे काजळी धरलेल्या कागदाचा फिरता दंडगोल. माणूस नळीत बोले, नळीच्या टोकाच्या पातळ पडद्याला हादरे बसत, आणि पडद्याला जोडलेली काडी काळ्या कागदावर पांढरी नागमोडी रेघ ओढी. रेघेशेजारी वेळेची रेघ असे. मग भिंग लावून एकेक स्वर सेकंदाच्या शतांशात मोजायचा. आम्ही कारखान्यात घड्याळ घेऊन उभे राहणारे लोक पाहिले आहेत. ते मजुराचा हात मोजत, तो का थांबला हे विचारीत नसत. इथे मात्र मोजणारा माणूस बोलणाऱ्याचा शिष्य होता. जीभ टाळूला कुठे लागते हे पाहण्यासाठी टाळूच्या मापाचा पातळ साचा करीत, त्यावर पांढरी पूड टाकून तोंडात बसवीत. ध्वनी उच्चारला की जिभेने पुसलेली जागा उघडी दिसे. १९२६ मध्ये बोहुस्लाव हाला आणि त्याचा सहकारी पोलांड यांनी चेक ध्वनींची क्ष-किरण चित्रे छापली. १९२८ साली ख्लुम्स्कीचा चेक ऱ्हस्वदीर्घ, सुरावट व आघात यांवरचा ग्रंथ आला, आणि १९२९ मध्ये चेक अकादमीने पाते कंपनीची यंत्रे प्रागला आणून निरनिराळ्या मुलखांतल्या बोली तबकड्यांवर घेतल्या. खेड्यातला माणूस अकादमीपुढे बसला, आणि त्याला सुधारण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी बसवले होते.

मोजणीतून एक विचित्र गोष्ट पुढे आली. चेक शब्दात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो हे शेंबडे पोरही सांगेल. पण ते अक्षर इतरांहून मोठे, लांब किंवा चढे असेलच असे यंत्र सांगेना. उलट ऱ्हस्वदीर्घाचा भेद पक्का. 'द्रहा' हा शब्द घ्या: पहिला 'अ' ओढला तर मार्ग, शेवटचा ओढला तर महाग किंवा लाडकी; आघात दोन्हीकडे पहिल्यावरच. म्हणजे ज्या फरकाने अर्थ बदलतो तो फरक भाषेच्या हिशेबी खरा. हा विचार ज्यांनी जगभर नेला त्यांचे प्राग भाषामंडळ ६ ऑक्टोबर १९२६ रोजी विलेम माथेसियुस याच्या खोलीत सहा माणसांच्या बैठकीत सुरू झाले. माथेसियुसची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती. मंडळात रशियातून आलेला रोमान याकोब्सन होता. व्हिएन्नाहून त्रुबेत्स्कोय येत असे.

१९३२ साली या मंडळाने प्रागमध्ये जाहीर व्याख्यानांची मालिका केली आणि तिचे पुस्तक छापले. आपल्यासारखाच तो खटाटोप. प्रतिपक्ष होता 'नाशे र्झेच', म्हणजे 'आपली भाषा', या मासिकाचा शुद्धिवादी गट. त्यांचे म्हणणे, जुन्या ग्रंथांत नाही ते अशुद्ध. माथेसियुसने उत्तर दिले की प्रमाण भाषेला स्थैर्य हवे, पण ते लवचिक हवे, आणि ते आजच्या वापरावरून ठरावे. शुद्धिवाद्यांना सर्वस्वी चूक म्हणणे अन्यायाचे होईल. शतकानुशतके वरून दाबलेल्या भाषेला कुंपण हवेसे वाटणारच. पण कुंपणाचे काटे आतल्या माणसालाही लागतात.

हे आम्ही पाहिले आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात पट्टा तुटून एका पोराचा हात गेला. शेजारच्या यंत्रावरचा कामगार चौकशीला उभा राहिला. मशीन थांबवू नको असे कोणी सांगितले, त्याला ओळखतोस का, असे विचारले. तो म्हणाला, "व्हय, वळखतो." टेबलामागचे दोघे हसले. त्यानंतर त्याने प्रत्येक उत्तर हो-नाहीत दिले, आणि जे पाहिले होते त्यातले निम्मे घरी परत नेले. मुकादमावर काहीच आले नाही. 'ओळख'ची 'वळख' करणारी जीभ आणि 'ओक्नो'चे 'वोक्नो' करणारी जीभ एकाच वाटेने गेली आहे; ओठ गोल करून ओ म्हणायला निघालेल्या तोंडात व आधी येतो. यात अडाणीपणा कुठे आला? हे त्या दिवशी आम्हांला ठाऊक असते, तर तिथेच सांगता आले असते.

ख्लुम्स्की १९३९ च्या मार्चमध्ये वारला, आणि त्याच महिन्यात हिटलरची फौज प्रागमध्ये शिरली. १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना गोळ्या घातल्या आणि चेक विद्यापीठे बंद केली. नभोवाणीवर चेक निवेदकांना जर्मनही बोलावे लागे. माथेसियुस १९४५ च्या एप्रिलमध्ये गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी सकाळी सहा वाजता, प्राग नभोवाणीच्या निवेदकाने वेळ सांगितली ती थट्टेने, 'सहा' जर्मनमध्ये आणि बाकीचे वाक्य चेकमध्ये. त्यानंतर तिथून फक्त चेक ऐकू येऊ लागले. दुपारपर्यंत त्या इमारतीत गोळीबार सुरू होता, आणि शहर उठले होते.

युद्धानंतर हालाने काम पुढे नेले. १९५५ मध्ये त्याच्या संपादनाखाली प्रमाण चेक उच्चारांचे पुस्तक निघाले. 'वोक्नो'ला त्यात जागा मिळाली नाही, आणि प्रागचे लोक घरी 'वोक्नो'च म्हणत राहिले. १९६७ साली ध्वनिशास्त्राची जागतिक परिषद प्रागलाच भरली. काजळीचा कागद जाऊन संगणक आला, तरी प्रश्न तेच आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांतला फरक बोहेमियातला, म्हणजे प्रागकडचा, कान आता लांबीपेक्षा स्वराच्या रंगावरून ओळखतो. मोराव्हियातला, म्हणजे ब्र्नोकडचा, अजून लांबीवरच भिस्त ठेवतो. लिहिताना मात्र दोघेही त्या ई वर हुसच्या काळची तीच तिरपी रेघ देतात.