‘ओ’ दिसणारा, ‘ओ’ नसणारा : बॉम्बे रक्तगटाची कथा

१/ १९५२. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक विचित्र पेच उभा राहिला. एक रुग्ण रेल्वे अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाही रक्ताची निकड होती. परंतु एकामागून एक दात्यांचे रक्त तपासूनही कोणाचेच जुळेना.

२/ कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मांडलेले रक्तगट तोवर जगभर रूढ झाले होते. ‘ए’ची खूण ओळखणारे द्रव आणि ‘बी’ची खूण ओळखणारे द्रव लाल पेशींत मिसळायचे. पेशी कशातच गोळा झाल्या नाहीत, तर रक्तगट ‘ओ’. या रुग्णांच्या पेशीही गोळा होत नव्हत्या. कागदोपत्री ते ‘ओ’च होते.

३/ मात्र रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेत आणखी एक तपासणी होते. रुग्णाचे सिरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून पाहणे, म्हणजेच क्रॉसमॅच. येथे ‘ओ’ दात्यांच्या पेशीही गोळा होऊ लागल्या. चिठ्ठीवरील गट आणि काचपट्टीवरील पुरावा यांत विसंगती होती.

४/ डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी ही विसंगती दुर्लक्षिली नाही. लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या रक्तगटतज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा गट जाहीर केला.

५/ कारण असे : ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही खुणा ‘एच’ नावाच्या एकाच पायावर उभ्या राहतात. ‘ओ’ गटात तो पाया तसाच उघडा असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो. म्हणून या व्यक्तींच्या सिरममध्ये ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ‘सर्वांना चालणारे’ ‘ओ’ रक्त त्यांना घातक ठरते.

६/ हा गुण आई आणि वडील अशा दोघांकडून आला, तरच प्रकट होतो. भारतात साधारण १०,००० जणांत एक, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. नात्यांतर्गत विवाहांमुळे त्याची शक्यता वाढते.

७/ हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याच्याच जिल्ह्यातील शिर्डीहून एक दाता इंदूरला जाऊन बॉम्बे गटाचे रक्त देऊन आला. त्या रुग्ण महिलेला आधी चुकून ‘ओ’ पॉझिटिव्ह रक्त दिले गेल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत जे ओळखले गेले, ते निसटले की काय होते, याचे हे उदाहरण.

८/ अकोल्यासारख्या डोंगरी तालुक्यातील रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. लाल पेशी थंड तापमानात साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. दुर्मीळ रक्त प्रत्येक ठिकाणी साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णाचे सिरम ज्ञात ‘ओ’ पेशींशी तपासणे आणि क्रॉसमॅच न टाळणे, हीच पहिली सुरक्षा. गट वेळेत ओळखला गेला, तरच दूरच्या दात्याला हाक देता येते.

९/ १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. रक्तगटाचे नाव ‘बॉम्बे’च राहिले. त्या नावामागे रक्तपेढीतील एक साधा नियम उभा आहे : चिठ्ठी आणि काचपट्टी यांचे जुळत नसेल, तर रक्त थांबवावे आणि शोध सुरू करावा.